गडाखालच्या वेलीचं लग्न

भाद्रपद वद्य दशमी, बुधवार, सकाळ. जागा : धारूरच्या किल्ल्याखालचा द्राक्षमळा. हजर माणसं : सखूमायचा चुलत दीर किसन आणि त्याची बायको, शेजारच्या मळ्यातले बापलेक, पाणी धरणारा लिंबाजी, आमचे वैद्य आणि मी. सखूमायची भाची धोंडा उमापूरहून सातव्या दिवशी पोचली, म्हणून तिचं नाव एक ओळ सोडून खाली लिहिलं आहे. यादी करायची मला सवय आहे. कोणी गेलं की चार महिन्यांनी लोक म्हणतात, आम्हीही होतो बरं का तेव्हा... आणि जे खरंच होते त्यांची नावं मागं पडतात. सखूमायच्या बाबतीत तसं होऊ नये.

लिंबाजी आमच्या ओसरीपाशी आला तेव्हा मी आसवाच्या बरण्यांची तोंडं बांधत होते. उंबऱ्याबाहेर उभा राहून तो एवढंच म्हणाला, "वैदीणबाई, माय गेली." मी विचारलं, कधी? पहाटं. कोणाला सांगितलं? "कुनालाच न्हाई, पयले तुमच्याकडंच आलो." मी किसनकडे माणूस पाठवला, लाकडांचं सांगितलं, उमापूरच्या बाजूला जाणारा गाडीवान बाजारातून शोधून आणवला. ही तिन्ही कामं मार्गी लागल्यावरच पायरीवर बसले.

सखूमाय कोण, असं वर्तमानपत्राच्या या पुरवणीच्या वाचकांनी विचारणं साहजिक आहे. ती माळ्याघरची बाई, मूलबाळ नसलेली, ऐन तिशीत कपाळ पुसलं गेलेली. किल्ल्याच्या उताराला लागून तिचा अकरा वेलींचा मळा. या वेली पांगाऱ्याच्या झाडांवर चढवलेल्या, आणि त्यांना येणारं द्राक्ष पांढरं, खरं म्हणजे हिरवट पिवळं. त्याला कुठल्या पोथीत नाव नाही. दौलताबादच्या बाजूला काळी, लांबोडकी, गोड अशी नाना जातींची द्राक्षं होतात, त्यांतलं हे नव्हे. गावात त्याला 'गडाखालची' म्हणतात आणि धारूरबाहेर ते मी कुठं पाहिलेलं नाही. मळ्याची जमीन मोमिनाबादच्या एका जहागीरदार घराण्याची. सखूमायच्या सासरच्यांना ती पिढ्यान्‌पिढ्या एका अटीवर दिलेली होती : दर चैत्रात या द्राक्षांची एक टोपली देवडीवर, म्हणजे त्यांच्या वाड्यावर, पोचली पाहिजे. तिथं जनान्यात त्यांचा सिरका घालतात. टोपली पोचली तर मळा तुमचा, नाही पोचली तर दुसऱ्याचा. सखूमायला मळ्याशिवाय दुसरं काही नव्हतं. तिची खोपही मळ्यातच.

आमचा संबंध आसवाचा. वैद्यांच्या घरात द्राक्षासव होतं ते काबुली मनुकांचं, पण वर्षाला एक रांजण गडाखालच्या ताज्या द्राक्षांचा भरायचा, ही माझ्या सासऱ्यांपासूनची रीत. लग्न होऊन आले त्याच वर्षी मला मळ्यात पाठवलं, टोपल्या मोजून आणायला. मी एक घड उचलला, दोन मणी तोंडात टाकले आणि लगेच थुंकले. साल जाड, आत तीन तीन बिया, आणि आंबटपणा असा की कानशिलं ठणकली. सखूमाय पांगाऱ्याखाली बसून घड निवडत होती. तिनं वर न बघताच म्हटलं, "नव्या वैदीणबाई दिसताव. ही खायची न्हाईत, बाई. ही थांबायची हायत."

थांबायचं म्हणजे काय, ते दीड महिन्यानं कळलं. रस, गूळ, आंबवायला धायटीची फुलं, वर मातीनं लिंपलेलं तोंड, आणि रांजण कडब्याच्या गंजीत पुरलेला. उघडला त्या दिवशी मी वैद्यांच्या मागं उभी होते. मनुकांचं आसव काळपट, जड असतं, नाकाआधी घशाला लागतं. हे गाळलं तर शेवंतीच्या पाकळीसारखं पिवळं उतरलं, आणि वास... पिकलं बोर, ओला दगड आणि लांबवर कुठंतरी फुललेली बाभूळ, असा काहीसा. जे द्राक्ष मी थुंकून टाकलं होतं त्याच्या पोटात हे होतं, यावर विश्वास बसेना. त्या दिवसापासून मी गडाखालचीची वही घातली. आबकारीच्या परवान्यासाठी किती रांजण, केव्हा भरले हे लिहावं लागायचंच. मी त्यात वेलीही घातल्या. अकरा वेलींना अकरा आकडे दिले. कुठल्या वेलीला डोळा कधी फुटला, पानाच्या मागची लव कधी गेली, मणी कधी पाणावले, सगळं. सखूमाय बघून हसायची. "वेली काय निजामाची नोकरी करायल्या व्हय, रोज हजेरी घ्यायला?"

पण शिकवायचीही. छाटताना काडीवरचे पहिले पाच डोळे मोजून सोडायचे, कारण या जातीला फळ येतं ते सहाव्याच्या पुढं. घड पिकला का, हे जिभेनं बघायचं नाही, कारण ही जात जिभेला शेवटपर्यंत फसवते. बी दाताखाली फोडायची. हिरवी असली तर थांबायचं, भाजल्या चिंचोक्यासारखी तांबूस असली तर तोडायचं. शिवाय रसानं माखलेला अंगठा नि बोट एकमेकाला टेकवायचं आणि सुटताना ओढ लागते का बघायची. मी हे सगळं लिहून घेत होते आणि मला वाटत होतं, ही जात मला आता पुरती समजली.

मळ्याच्या बांधावर एक बारावी वेल होती. तिला मी आकडा दिला नव्हता, कारण तिला कधीच फळ येत नव्हतं. फुलायची भरघोस, वास सुटायचा विहिरीपर्यंत, आणि मग सगळं गळून जायचं. कार्तिकात बाकीच्या वेली फुलावर आल्या की सखूमाय आजूबाजूच्या बायका बोलवायची आणि वेलींचं लग्न लावायची. तुळशीच्या लग्नाचेच दिवस ते, त्यामुळं कोणाला त्यात नवल वाटायचं नाही. बांधावरचा तो नवरदेव, अकरा जणी नवऱ्या. धोतराचा अंतरपाट, हळद, अक्षता, गूळखोबरं. मुहूर्त भटजी काढायचे नाहीत. वेलीवरचं दहिवर सुकलं की मुहूर्त. सखूमाय विधवा, तिनं लग्नकार्यात पुढं यावं हे एकदोघींना खटकायचं. त्यावर तिचं उत्तर ठरलेलं : "नवरीला कुकू तुमी लावा. मी नवरदेवाकडची हाय, मला कोन हाटकतंय?" मग ती नवरदेवाची फुललेली काडी मोडून आणायची आणि अंतरपाट धरला की एकेका नवरीच्या एकेका फुलोऱ्यावर ती हलक्या हातानं झाडायची. अकरा वेली, शेकडो फुलोरे. बायका कंटाळून गप्पा मारायला लागायच्या, पण तिचं एकही फूल सुटायचं नाही. मी हळदीकुंकवासाठी हजर बायकांची नावं लिहून घ्यायची आणि वर मथळा घालायची : 'वेलींची पूजा'.

बारा वर्षांपूर्वी फाल्गुनात, टोपल्या उतरवताना सखूमाय बांधावरून पडली आणि तिचं मांडीचं हाड मोडलं. वैद्यांनी कामट्या बांधल्या, आठ महिने उठायचं नाही म्हणून सांगितलं आणि तिला गावातल्या किसनच्या घरी हलवलं. मळा मी बघीन, असं मीच म्हटलं. मला वेळ होता, वही होती, लिंबाजी होता. ती म्हणाली, "तुमी हायत तर मला घोर न्हाई." त्या वर्षी वैशाखात विहीर इतकी खाली गेली की मोटेला पाण्याऐवजी गाळ यायला लागला. मी मळ्यातल्या प्रत्येक झाडाला किती पाणी लागतं ते लिहून काढलं आणि जे काही देत नाही त्यावर रेघ मारली. दोन पपया, एक वाळकं डाळिंब, बांधावरची वांझ वेल. लिंबाजी कुदळ घेऊन उभा राहिला आणि म्हणाला, "मायला इचारावं का एकदा?" मी म्हटलं, आजारी माणसाला असल्या बारीकसारीक गोष्टी विचारायच्या नसतात. त्यानं वेल मुळासकट काढली. अकराच्या अकरा वेली त्या उन्हाळ्यात जगल्या, आणि मी सखूमायला तसं सांगितलंही, मोठ्या अभिमानानं. दसऱ्यानंतरची छाटणीही मी पाच डोळे मोजून करवली. नवरदेवाचे शेंडे ती स्वतः हातानं खुडायची, त्याला कात्री लावू द्यायची नाही, म्हणून त्याचं नाव छाटणीच्या बोलण्यात आलंच नाही. एक साल खुडला नाही तरी चालेल, असा तिनं मनाशी विचार केला असावा.

कार्तिकात ती काठी टेकत मळ्यात आली. धुवट लुगडं, हातात हळदीचं ताट, मागं सात बायका. सरळ बांधाकडे गेली. मी अंतरपाटाचं धोतर उलगडत होते.

"वैदीणबाई, नवरदेव कुठं गेला?"

"ती वांझ वेल? वैशाखातच काढली. रोजच्या दोन मोटा पाणी वाचलं."

सखूमाय बांधावर बसली. ताट मांडीवर तसंच. बायकांतली एक काहीतरी बोलायला गेली, दुसरीनं तिचा हात दाबला. सखूमाय म्हणाली, "माज्या सासूच्या सासूनं लावलता." मी म्हटलं, माझी चूक झाली, पण पूजा काय, हळदकुंकू वाहून करता येईल. तेव्हा तिनं माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता त्यात. एखाद्या अडाणी माणसाकडे बघावं तसं पाहिलं.

"पूजा न्हाई ती, बाई. लगीन हाय. इतकी वर्सं हुभं ऱ्हाऊन बघितलंव ना तुमी? नवऱ्याबिगर लेकरं कशी व्हायची?"

बायका आपापल्या घरी गेल्या. त्या दिवशी मी यादी केली नाही.

आठ दिवसांत अकराही वेलींचा फुलोरा कोंड्यासारखा झडला. मागं राहिले ते ज्वारीच्या कण्यांएवढे मणी, बी नसलेले, वाढ नसलेले. मी वैद्यांचं वाचायचं भिंग घेऊन गेले आणि उशिरानं आलेला एक फुलोरा त्याखाली धरला. आपल्या धोत्र्याच्या फुलात केसर ताठ असतात. इथं ते मान टाकल्यासारखे खाली वळलेले, परागाची पूड जवळपास नाहीच. गडाखालची ही जातच अशी होती. तिला स्वतःचं फळ स्वतः धरता येत नव्हतं. मी तेरा वर्षं या वेलीची हजेरी घेतली, पान मोजलं, डोळा मोजला, आणि तिची पहिली गरज कोणती हेच मला माहीत नव्हतं. ते सखूमायला माहीत होतं, तिच्या सासूला होतं, त्या सासूच्या सासूला होतं, आणि त्यांनी ते कोणी विसरू नये अशा ठिकाणी, अक्षतांमध्ये ठेवून दिलं होतं.

सखूमाय माझ्याशी भांडली नाही. पण मी तिच्याकडे सांज्याचं ताट पाठवलं ते धुऊन रिकामं परत आलं. आमच्याकडे कोणी ताट रिकामं परत करत नाही, निदान चिमूटभर साखर तरी घालतात. मला जे समजायचं ते समजलं. चैत्राला चार महिने उरले होते, आणि टोपली भरायला एक घड नव्हता.

मी दोन कामं ठरवली. पहिलं, देवडीवर स्वतः जायचं. वैद्य म्हणाले, अर्जी लिहून देतो. मी म्हटलं, अर्जी मुन्शीच्या हातात जाईल आणि त्याच्या हातातून पुढं जाणार नाही. माघात आम्ही दोघं छकड्यानं मोमिनाबादला गेलो. ते बाहेर बैठकीत बसले, मी आत जनान्यात गेले. बेगमसाहेबा वयानं माझ्या आईएवढ्या. आमचं आसव त्या औषध म्हणून घ्यायच्या, तेवढी ओळख. पानदान पुढ्यात घेऊन त्यांनी विचारलं, "क्या हुआ वैदनबाई, बेल कू कीडा पड़ा क्या?"

मी सरळ सांगितलं, कीड नाही, पाणी नाही, सखूमायचा काही दोष नाही. मी नवरदेव तोडला. त्यांना आधी कळलं नाही. मी अंतरपाटापासून सगळं सांगितलं तेव्हा त्या इतक्या हसल्या की दासी पाण्याचा पेला घेऊन धावली. "दूल्हे कू उखाड़ के फेंक दिए, और अब आके बोलते फल नहीं लगा!" मग डोळे पुसून एकदम गंभीर झाल्या. "सुनो. एक साल देती मैं. अगले चैत में टोकरी नहीं आई तो बाग दूसरे कू. फिर मेरे कने आके रोना नहीं." मी म्हटलं, रडायला येणार नाही. टोपली घेऊन येईन.

दुसरं काम कठीण होतं : नवरदेव आणायचा कुठून? अशी वेल कोणी मुद्दाम लावत नाही. शेवटी मी जुन्या वह्या काढल्या, 'वेलींची पूजा' या मथळ्याखालच्या. तेरा वर्षांच्या तेरा याद्या, दर वर्षी आठ-दहा नावं, आणि समोर माझ्या सवयीप्रमाणं बारीकसारीक नोंदी : कोणाला खण दिला, कोणाचं मूल आजारी म्हणून ती लवकर गेली. सहाव्या वर्षाच्या यादीत ओळ सापडली. 'धोंडा, सखूमायची भाची. उमापूरला दिली. निघताना नवरदेवाच्या दोन काड्या मागून नेल्या, शेळ्यांच्या मांडवावर सावलीला.' वही तशीच उघडी घेऊन मी किसनच्या घरी गेले आणि सखूमायला वाचून दाखवली. तिनं दोनदा वाचायला लावली. मग म्हणाली, "कागद बी कधीमधी कामाला येतो म्हनायचा." तीन-चार महिन्यांनी ती माझ्याशी बोलली, ती ही.

धारूर ते उमापूर गाडीनं तीन दिवस. किसन गाडी हाकायला, मी सोबतीला. सखूमायच्या मांडीला तो रस्ता झेपणारा नव्हता. उमापुरात पोचलो तेव्हा धोंडा शेळ्यांना पाणी दाखवत होती, आणि तिच्या मागं मांडवावर, पाच खणांच्या मांडवावर, ती वेल अशी पसरलेली की खालचा कूड दिसत नव्हता. दोन शेळ्या मागच्या पायांवर उभ्या राहून तिचे शेंडे ओढत होत्या. धोंडा म्हणाली, "ह्योच का? ह्याच्यापायी कशाला आलाव एवढ्या लांबून? ना फळ, ना काय. नुसता पसरायलाय. येत्या उन्हाळ्यात तोडावं म्हनत हुते मी." मी तिथंच दगडावर बसले आणि म्हटलं, "धोंडा, मी एक वेल तोडून बसलेय. तू तोडू नको."

पुढचं सगळं हिशोबाचं काम होतं, आणि ते मला येतं. दोन्हीकडची फुलं एकाच आठवड्यात आली पाहिजेत, आणि मध्ये तीन दिवसांची वाट. उमापूर गोदेच्या काठचं, तिथली हवा गरम, डोळे लवकर फुटतात. धारूर डोंगरावर, इथं उशिरा. म्हणून इकडची छाटणी आधी, तिकडच्या नवरदेवाचे शेंडे सहा दिवसांनी खुडायचे, असं मी ठरवून दिलं. धोंडानं शेळ्या दुसरीकडं बांधल्या. कार्तिकात निरोप गेला आणि ती स्वतः गाडीत बसून आली. मांडीवर फुललेल्या काड्या, वर ओलं सुती फडकं, त्यावर पोतं, उन्हाला छत्री. नारायणगडाच्या पायथ्याशी मुक्काम पडला तिथं लोकांनी विचारलं, कुठं निघालाव? धोंडा म्हणाली, "लग्नाला. नवरदेव घिऊन चाललोय." "कुठाय नवरदेव?" "ह्यो काय, पोत्यात." हे तिनं आम्हाला सांगितलं तेव्हा सखूमाय पोट धरून हसली, आणि वर्षभरात मी तिला पहिल्यांदा हसताना पाहिलं.

त्या लग्नाला एकवीस बायका होत्या. नावं लिहिलेली आहेत. मथळा बदलला. अंतरपाट धरायच्या आधी सखूमायनं मला हाताला धरून नवऱ्यांच्या बाजूला उभं केलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "वैदीणबाईनं हिकडंच ऱ्हायचं. नवरीच्या आईवानी. नवरदेवाला ह्यंचा हात लागू द्यायचा न्हाई, सांगून ठिवते!" बायका खो खो हसल्या. मीही हसले. ती मात्र तशी थट्टेत म्हणाली नव्हती, हे मला तेव्हाच कळलं होतं.

फळ धरलं. जुन्या वर्षांच्या निम्मंही नाही, पण बी असलेलं, खरं, आंबट फळ. चैत्रात टोपली देवडीवर पोचली. काठोकाठ नव्हती, तरी टोपली होती. आसवाला त्या साली काही उरलं नाही. धोंडानं आणलेल्या काड्यांतल्या तीन काड्या सखूमायनं बांधावर जुन्याच खड्ड्यात लावल्या. एक जगली. तीन वर्षांत ती फुलायला लागली, आणि उमापूरची वरात बंद झाली.

त्यानंतरची वर्षं आमची विहिणींची होती. ती वरमाय, मी वधूमाय. कार्तिक आला की ती निरोप पाठवायची, "विहीणबाईला म्हनावं, मानपान तयार ठिवा. गेल्या साली खोबरं खवट हुतं." मी उलट निरोप धाडायची, तुमच्या नवरदेवाला गेल्या साली फूल कमी होतं, त्याला आधी तूप पाजा. ती रांजण भरायला येऊन बसायची, गाळलेल्या आसवाचा पहिला चमचा तिला द्यायचा. ती जिभेवर धरून, डोळे मिटून थांबायची, आणि चार शब्दांत त्या सालाचं सगळं सांगायची : "पानी उशिरा दिलंव." किंवा, "औंदा बरं थांबलं." मी लिहून घ्यायची. तिचं एकही म्हणणं चुकलेलं माझ्या वहीत नाही. पण त्या सगळ्या वर्षांत मी नवरदेवाला हात लावला नाही. ती शेंडे खुडायची, तिथं मी बांधाच्या अलीकडं उभी. कुठला शेंडा खुडायचा, कुठला राखायचा, काडी कुठल्या पेरावर मोडली की फुलातली पूड झडत नाही, हे मी लांबून बघत आले. बघून जेवढं येतं तेवढं मला येतं.

शेवटची भेट श्रावण वद्यातली. अन्न जात नव्हतं, आवाज बारीक झाला होता. मी वही घेऊनच गेले होते, बारा बाबी लिहून. मळा पुढं कोणाच्या नावानं ठेवायचा? धोंडाच्या, तिच्या नवऱ्यासह. देवडीवर कळवायचं का? होय, तुमीच जा, बेगमला तुमचं हसू येतं. चौथ्या वेलीचा पांगारा पोकळ झालाय, नवा कुठं लावायचा? तीन हात वर. असं एकेक. ती डोळे मिटून उत्तरं देत होती, मी खुणा करत होते. अकरा झाल्या. बाराव्या बाबीपाशी मी थांबले, शब्द जुळवत होते, आणि वर पाहिलं तर तिला झोप लागली होती. उठवणं बरं दिसलं नाही. म्हटलं, उद्या येऊन विचारू. दुसऱ्या दिवशी आमच्याकडे लांबून रोगी आले, तिसऱ्या दिवशी पाऊस... आणि मग भाद्रपद.

देवडीचं काम झालं, मळा धोंडाच्या नावानं झाला आणि ती बिऱ्हाड घेऊन मळ्यातल्या खोपीत राहायला आली. दसऱ्यानंतर मी आणि लिंबाजीनं अकरा वेली छाटल्या, पाच डोळे सोडून. चौथ्या वेलीसाठी पांगाऱ्याचा नवा खुंट लावला, तीन हात वर. धोंडानं शेळ्या मळ्याबाहेर बांधायचं कबूल केलं आणि पाळलंही. राहिले नवरदेवाचे शेंडे. ते छाटणीनंतर आठ दिवसांच्या आत खुडायचे असतात. आज सहावा.

मी धोंडाला म्हटलं, तू खुड, तुझ्याच मांडवावरचा आहे तो. ती म्हणाली, "मला कुठं येतंय, वैदीणबाई? माज्याकडं शेळ्याच खुडायच्या. मावशीचं काम तुमी रोज बघितलंव, तुमीच खुडा." मी सांगितलं, तिनं मला मनाई केलेली आहे. धोंडा म्हणाली, "मंग इचारायचं हुतं की, हुती तवर."

विचारायचंच होतं. तीच बारावी बाब.

मला शेंडे ओळखता येतात. पेर ओळखता येतं. हात चुकणार नाही, याची मला बऱ्यापैकी खात्री आहे. आज सकाळी बांधापर्यंत गेले, दहिवर सुकेपर्यंत थांबले, आणि परत आले. वहीत अकरा खुणा आहेत. बाराव्या ओळीसमोरची जागा अजून मोकळी आहे, आणि दोन दिवस उरलेत.